उल्हासची गिअरपेटी

एडिसन, ८ जून २०२५

उल्हासा,

हे पत्र म्हणजे तक्रार अर्ज समज. मार्चपासून तू माझा एकही फोन उचललेला नाहीस. आधी वाटलं कामात असशील, मग वाटलं भारतात गेला असशील. पण मेसेज केला की लगेच अंगठा येतो, म्हणजे माणूस जागेवर आहे. अंगठ्याला मी उत्तर मानत नाही. आपण काय ग्रामपंचायतीच्या ठरावावर सह्या करतोय का?

लतिका म्हणते, "तूच काहीतरी बोलला असशील, आठव जरा." मी आठवलं. शेवटचं आपलं बोलणं तुझ्या त्या गाडीवरून झालं होतं. खोकी भरभरून सुटे भाग मागवायचे आणि गॅरेजमध्ये स्वतः जोडून दोन सीटची उघडी गाडी बनवायची, हे तू सांगितलंस, आणि मी म्हणालो की साठीला टेकलेल्या माणसाने गुडघे जोडून घ्यावेत, गाड्या नव्हे. त्याचा राग आला असेल तर शब्द मागे घेतो. गुडघ्यांबद्दलचे तेवढे राहू देत.

अरे, नागपूरला हॉस्टेलच्या एका खोलीत चार वर्षं काढली आपण. दोघांनी मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि दोघांनी जन्मभर कॉम्प्युटरवर पोट भरलं. मशीन ड्रॉइंगच्या तासाला गिअरबॉक्स काढून काढून बोटं काळी व्हायची, पण खरा गिअरबॉक्स मी आजवर उघडलेला पाहिलेला नाही. तू तो जंकयार्डातून आणलास म्हणे. निदान त्याची हकीकत तरी कळव. माणसाने रागवावं, पण ताकास तूर लागू न देता रागवू नये.

वाट पाहणारा,
अनिल

*

अल्फारेटा, १५ जून २०२५

अनिल,

राग कसला आलाय. सांगायचं टाळत होतो, एवढंच. मला आता ऐकू येत नाही.

डावा कान मागेच गेला होता, ते तुला माहीत आहे. उजव्यावर भागवत होतो. मार्चमध्ये एका सकाळी उठलो तर वाटलं, शुभा बाहेर गेलेली दिसते, घर किती शांत आहे. डोळे उघडले तर ती समोर उभी राहून माझ्याशी बोलत होती. ऐकण्याची नसच निकामी झाली आहे. आत यंत्र बसवूनही उपयोग नाही, असं दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या तोंडांनी सांगितलं. फोनवर बोलणं लिहून दाखवायची सोय असते, पण मराठी सुरू झालं की ती बिचारी हात टेकते. ऑफिसने सांभाळून घेतलं असतं. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या तोंडांकडे बघत बसण्याचा मलाच कंटाळा आला. एप्रिलअखेर रिटायर झालो.

तुझं पत्र वाचताना मला तुझा आवाज ऐकू आला. म्हणून दोनदा वाचलं.

आता पेटीची हकीकत. जॉर्जियाच्या पार खालच्या टोकाला एक जंकयार्ड आहे, तिथे एका चेपलेल्या गाडीच्या पोटातून ती काढली. पाच गिअरची, मॅन्युअल. आतलं तेल काळं झालेलं, त्यात पितळेचा चुरा चमकत होता. टाचणीच्या तुकड्यांएवढ्या बारीक सुया असतात बेअरिंगमध्ये, त्यातल्या काही गळून तळाशी बसलेल्या. झाकण काढलं आणि अनिल, मी खुर्ची ओढून नुसता बघत बसलो.

तुला काय वाटतं, गिअर बदलताना आत काय होत असेल? मला जन्मभर वाटत होतं की एक चाक बाजूला सरतं आणि दुसरं त्याच्या जागी येऊन दातात दात घालतं. ड्रॉइंगमध्ये आपण मन लावून काढलं आणि कळलं काहीच नाही. पुढे जायची सगळी चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. पहिलं, दुसरं, तिसरं, सगळी सारखी फिरत असतात, प्रत्येक आपल्या वेगाने. फक्त ती मधल्या दांड्यावर, शाफ्टवर, सैल बसलेली असतात. आपण दांडी ओढतो तेव्हा एक कडं सरकतं आणि त्यातल्या एका चाकाला शाफ्टशी बांधतं. एवढंच. बाकीची चाकं आपली फिरतच राहतात, आपली पाळी येईल तेव्हा येईल.

आणि बांधतानाही धसमुसळेपणा नाही. मध्ये एक पितळी रिंग असते. ती चाकाला अंग घासते, त्याचा वेग शाफ्टच्या वेगाशी जुळवते, आणि जुळेपर्यंत कड्याला पुढे जाऊच देत नाही. दोघांचा वेग एक झाला की वाट मोकळी करते. आपल्या हाताला हे सगळं एका हलक्या खटक्याएवढं कळतं. इतकी वर्षं गाड्या चालवल्या, त्या खटक्याच्या आत एवढी समजूत भरलेली आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला अक्षरशः हात जोडावेसे वाटले.

पण खरी गोष्ट अशी आहे की पेटी नीट बसली की नाही, हे शेवटी कानाने ठरतं. व्हिडिओमधला प्रत्येक माणूस सगळं जोडून झाल्यावर हसतो आणि बोट वर करतो. खाली अक्षरं येतात, 'आता ऐका.' बेअरिंग घुरघुरतं का, चाक रडतं का, हे ऐकायचं असतं. मी तिथेच अडकलोय. ही गाडी मी पुरी करू शकलो नाही, तर यापुढे माझ्या हातून आणखी काय काय होणार नाही याचा हिशेब मला मांडावा लागेल, आणि तो मला मांडायचा नाही.

लतिकावहिनींना नमस्कार. फोन करू नकोस, लिही.

उल्हास

*

एडिसन, २० जून २०२५

प्रिय उल्हास,

तुझं पत्र फोनवर आलं आणि मी गाडीत जाऊन बसलो. ओक ट्री रोडच्या पार्किंगमध्ये, भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन. तिथेच ते पुन्हा वाचलं. घरी लतिकाला वाचून दाखवलं तर ती अर्ध्यातच उठून आत गेली.

मी तुझा मित्र आहे म्हणून स्पष्ट लिहितो. ती गाडी विकून टाक. पेटीचं कौतुक मला कळलं, पण कौतुक वेगळं आणि रस्ता वेगळा. मागून ट्रकने हॉर्न दिला तर तुला कळणार नाही. ॲम्ब्युलन्स आली तर कळणार नाही. त्यात ती उघडी गाडी, एवढीशी, जमिनीला घासून चालणारी. आणि माझ्या समजुतीप्रमाणे अशा स्थितीत लायसन्सही राहत नाही, ते एकदा बघून घे, उगाच पोलिसांच्या भानगडीत पडू नकोस. यापुढे शुभावहिनींना ड्राइव्ह करू दे. तू बाजूला निवांत बस. आयुष्यभर धावलोच आहोत आपण.

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण तुला काही झालं तर त्याहून वाईट वाटेल.

तुझा,
अनिल

*

अल्फारेटा, २४ जून २०२५

अनिल,

तुझं म्हणणं पटलं. जाहिरात दिली आहे. सांगाडा, इंजिन, पेटी, सगळं एकत्र.

उन्हाळा फार आहे. बाकी ठीक.

उल्हास

*

अल्फारेटा, ५ ऑक्टोबर २०२५

अनिलभाऊजी,

शुभाचा नमस्कार. तुम्ही जुलैत आणि ऑगस्टमध्ये पाठवलेली पत्रं यांनी वाचली, पण उत्तरं लिहिली नाहीत. ती मी लिहायला हवी होती. आता लिहिते आहे, त्यात थोडं रागाचंही आहे, ते आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल.

जॉर्जियात ऐकू न येणाऱ्या माणसाला गाडी चालवायला कसलीही बंदी नाही. अमेरिकेत कुठेच नाही. हे दर शनिवारी मला भाजीला घेऊन जातात, आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा नीट चालवतात, कारण आता आरशात बघतात. पूर्वी माझ्याशी वाद घालत चालवायचे. तुम्ही उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तुमचं ते पत्र आल्यावर यांनी गॅरेजचा दिवा बंद केला आणि मग दोन महिने घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. तुमचा हेतू वाईट नव्हता, ते मला माहीत आहे. म्हणूनच तर लागलं त्यांना.

सप्टेंबरात एक गिऱ्हाईक आलं. सांगाडा आवडला, इंजिन आवडलं. पेटी टेबलावर सुटी पडलेली बघून त्याने हाताने खूण केली, ही फेकून द्या, मी दुसरी घालीन. बस्स. यांनी त्याला दारापर्यंत पोचवलं, थँक यू म्हणाले आणि परत येऊन गॅरेजचा दिवा लावला. गाडी विकली नाही.

त्यानंतर मी जे बघितलं ते तुम्हाला सांगायलाच हवं. माझ्या फ्रीझरमध्ये ओल्या नारळाच्या पाकिटांखाली पेटीचा शाफ्ट ठेवला. ओव्हनमध्ये बेअरिंग तापत ठेवलं. मी म्हटलं, हे काय चाललंय. तर म्हणाले, "एक आकसतं, एक फुगतं, तू फक्त बघ." आदल्या दिवशी तेच बेअरिंग हातोडीने तसूभर सरकलं नव्हतं. आता जाड हातमोज्यात धरून शाफ्टवर नुसतं सोडलं आणि ते सरसर खाली जाऊन आपल्या जागी बसलं. दोन क्षणांत दोन्हींचं तापमान सारखं झालं आणि मग ते कुणाच्या बापाला हलवेना. मी हात पुसायचे विसरून उभी होते. तुमच्या मित्राला मी इतकी वर्षं ओळखते, पण त्या दिवशी मला वाटलं, या माणसाला आपण अजून नीट बघितलंच नाहीये.

खंडेनवमीला नवी चाकं बसवून पेटी जवळजवळ जोडून झाली होती, वरचं झाकण तेवढं उघडं होतं. झाकण दसऱ्याला लावू म्हणून हे जेवायला आत आले, तेवढ्यात मी गॅरेजमध्ये जाऊन पूजा करून टाकली. पान्हे, जॅक, पेटी, सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात, मग या पेटीने तर यांना परत उभं केलं होतं.

आता अडचण अशी. झाकण लावलं, दांडी बसवली. पहिला गिअर पडतो, दुसरा पडतो. तिसरा पडत नाही, चौथाही नाही. हे चार दिवस नुसते टेबलासमोर बसून आहेत. काल म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, याला कान लागतो." आता पुन्हा दिवा बंद केला तर तो मला परत लावता येणार नाही, भाऊजी. तुम्ही काहीतरी लिहा. सल्ला देऊ नका. मित्रासारखं लिहा.

शुभा

*

एडिसन, ९ ऑक्टोबर २०२५

उल्हास,

शुभावहिनींनी माझी बिनपाण्याने केली, आणि बरं केलं. मी न्यू जर्सीत बसून तुझं लायसन्स जप्त केलं, तुझी गाडी विकली, तुला बाजूच्या सीटवर बसवलं. उंटावरून शेळ्या हाकण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मला क्षमा कर. यावर आणखी लिहीत नाही, कारण मग तू मला समजावत बसशील, आणि तुला आत्ता दुसरं काम आहे.

सल्ला मी देणार नाही, तशी सक्त ताकीद आहे. मला पेटीतलं कळतही नाही. फक्त एक विचारतो, कारण खरोखरच जाणून घ्यायचं आहे. तिसऱ्याला दांडी अडते, तेव्हा तुझ्या हाताला काय लागतं? कानाचं सोड. तू मला जूनमध्ये त्या खटक्याबद्दल लिहिलं होतंस, दोन ओळींत. ते वाचल्यापासून मी आमच्या ऑटोमॅटिकच्या दांडीवर हात ठेवून काही कळतं का बघतो. काही कळत नाही, ती मुकी आहे. तुझी बोलत असेल. ती काय म्हणते ते सविस्तर लिही. जसं लागतं तसं लिही.

अनिल

*

अल्फारेटा, १९ ऑक्टोबर २०२५

अनिल,

आधी क्षमेचं. केली. आता तो विषय संपला.

तुझ्या प्रश्नाला उत्तर लिहायला बसलो, तर लिहिता येईना. हाताला काय लागतं? अडतं, असं लिहिलं. मग स्वतःलाच विचारलं, अडतं म्हणजे कसं? ते मला माहीत नव्हतं. चार दिवस मी दांडीशी झटत होतो आणि त्या सगळ्या वेळात मनात एकच चाललं होतं, की कान असता तर कळलं असतं. हात काय सांगतोय ते मी विचारलंच नव्हतं. म्हणून लिहिणं बाजूला ठेवलं आणि गॅरेजमध्ये गेलो.

डोळे मिटले. डावा तळवा पेटीवर, उजवा दांडीवर. आधी दुसरा टाकला. दांडी गेली, आणि शेवटी थांबली ती ठक्क थांबली. लोखंडाला लोखंड भेटलं की असं थांबतं, त्यात बोलायला जागा नाही. मग तिसरा. दांडी थोडी गेली आणि थांबली, पण ठक्क नाही. जोर दिला तर केसभर दबली. सोडली तर दबलेलीच राहिली. पुन्हा जोर दिला, पुन्हा केसभर. मी हात काढून घेतला, कारण पेटीत दबणारं काही नसतंच. पोलाद दबत नाही, पितळ असं दबत नाही. आत असं काहीतरी होतं जे धातूचं नव्हतं.

झाकण काढलं. तिसऱ्या-चौथ्याची, दांडीने सरकणारी एक सळई असते. तिच्या शेजारी एक भोक, त्यात स्प्रिंग आणि तिच्यावर एक पोलादी गोळी. सळई सरकताना ती गोळी आत दबते आणि पुढच्या खाचेत वर येते, खटका तिचाच असतो. स्प्रिंग काढली, भोकात ग्रीस होतं, त्यात चिमटा घातला आणि बाहेर आली एक अक्षत. तिच्यामागून आणखी दोन. कुंकवाने लाल झालेल्या, त्यातली एक चुरलेली. खंडेनवमीला मी भोकं स्वच्छ करून ग्रीस लावून जेवायला गेलो, आणि आमच्या सौभाग्यवतींनी मनोभावे पूजा केली. अक्षता ग्रीसमध्ये जाऊन बसल्या, मी वरून स्प्रिंग घातली. गोळीला दबायला जागाच उरली नाही. अमेरिकेत एवढे लोक गिअरबॉक्स उघडतात, पण आशीर्वाद जास्त झाल्यामुळे तिसरा न पडणारा हा एकटाच असावा.

तीन दाणे तळहातावर घेऊन शुभाला दाखवायला गेलो. ती आधी हसली, मग एकदम रडायला लागली. म्हणाली असावी की माझ्यामुळे झालं. ओठांवरून मला तेवढं कळतं आता. मी तिला सांगितलं, अगं, व्हिडिओतल्या कुणालाही हे कानाने कळलं नसतं. तांदूळ काही आवाज करत नाही. हे फक्त हातालाच कळण्यासारखं होतं. बोलता बोलता मीच थांबलो. आपण काय बोललो ते मला तेव्हा ऐकू आलं, तू हवं तर हस.

सगळं धुऊन पुसून पुन्हा जोडलं. तिसरा टाकला. ती पितळी रिंग घासून वेग जुळवते म्हणालो होतो ना, शाफ्ट हाताने फिरवत ठेवला तर ते तळव्याला कळतं. आधी थोडा विरोध, मग तो विरोध विरघळतो, आणि मग वाट मिळते. मी पोरासारखा पन्नास वेळा गिअर टाकला असेन. माझ्या हातात एवढं ऐकू येतं हे मला साठ वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

बाकीची गाडी पेटीसाठीच अडून राहिली होती. नोव्हेंबरात रस्त्यावर येईल, कागदपत्रं झाली आहेत. पण एक शंका आहे आणि ती मी तुझ्यापासून लपवणार नाही. पेटी हातात कळते ती टेबलावर. धावताना, जोर पडल्यावर, आत काही रडत असेल तर ते मला हाताने कळेलच असं नाही. एखादं बेअरिंग आतून मरत असेल, आणि मी वर खूश होऊन गाडी चालवत असेन. म्हणून थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तू इकडे ये. माझ्या शेजारी बस आणि ऐक. मला खोटं सांगायचं नाही. आणि तिथल्या तिथे खुणा करून सांगायचं नाही, अंगठे तर अजिबात दाखवायचे नाहीत. परत जा आणि पत्र लिही, जसं ऐकू आलं तसं. मला ते वाचायचं आहे.

उल्हास

*

एडिसन, १ डिसेंबर २०२५

प्रिय उल्हास,

काल रात्री पोचलो. आज ऑफिसला सुट्टी टाकून हे लिहितोय, कारण तू पोस्टमनसारखा ईमेल उघडून बसला असशील हे मला माहीत आहे.

तुझ्या अटीप्रमाणे लिहितो, काही लपवत नाही. शुक्रवारी सकाळी तुझ्या त्या गाडीत बसलो तेव्हा मी घाबरलो होतो. दार नाही, छप्पर नाही, ढुंगण रस्त्याला टेकतंय की काय असं वाटत होतं. तू मफलर गुंडाळलास, वहिनींनी माझ्या मांडीवर घोंगडी टाकली आणि "भाऊजी, डोळे उघडे ठेवा" म्हणाल्या. मी मात्र कान उघडे ठेवायचं काम घेऊन आलो होतो. इतकं मन लावून मी जन्मात कधी काही ऐकलेलं नाही.

पहिल्या गिअरला ऐकू आलं ते गुणगुणणं होतं. घरातली बाई काम करता करता गुणगुणते तेवढंच. घुरघुर नाही, खडखड नाही. दुसऱ्याला ते जरा वर चढलं. तू क्लच दाबलास, दांडी ओढलीस आणि मधल्या त्या क्षणात काहीच नव्हतं, मग खट्, आणि गुणगुणणं नव्या पट्टीत सुरू. मी तुझ्या हाताकडे बघत होतो. तू दांडी ओढत नव्हतास. तू ती नेऊन ठेवत होतास, आणि ती पितळी रिंग हो म्हणेपर्यंत बोटं सैल सोडून थांबत होतास. मी जन्मभर लोकांना गाड्या चालवताना बघितलंय. असं थांबताना कुणाला बघितलं नाही.

डोंगरातल्या डलोनेगा गावाच्या वाटेवर मागून एक ट्रक आला. त्याने हॉर्न मारला आणि मी जागच्या जागी उडालो. तू मात्र त्याआधीच आरशात बघून उजवीकडे सरकायला लागला होतास. जूनमधलं माझं ते पत्र तेव्हा मला ओळ न् ओळ आठवलं, आणि मी मफलरमध्ये तोंड लपवलं.

चढावर तिसऱ्याला एक बारीक सूर येतो. रडणं नाही, सूर आहे, एकसारखा. नवी चाकं एकमेकांना ओळखताना तसा येतो, असं आदल्या दिवशी तुझ्याकडच्या व्हिडिओत ऐकलं होतं, त्यामुळे तो जाईल असं मला वाटतं. पण तू त्याची नोंद ठेव आणि महिन्याभराने मला परत बोलाव. उलटा गिअर ओरडतो, पण तो सगळ्यांचाच ओरडतो म्हणतोस. बेअरिंगचं काही नाही. मी शपथेवर सांगायला तयार आहे.

मग चढ संपला. पुढे सरळ रस्ता, दोन्हीकडे पानं गळलेली झाडं, समोर डोंगर निळे. तू चौथा टाकलास आणि माझ्याकडे वळून मोठ्याने विचारलंस, "काय ऐकू येतंय?" मी तुझ्याकडे वळून बघितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तू घाबरलास, तुला वाटलं आत काहीतरी मोडलं, तू गाडी कडेला घेतलीस. मी मान हलवत राहिलो, पुढे चल म्हणून हात केला. तू सारखा विचारत होतास आणि मी अटीचं निमित्त करून काही सांगितलं नाही. तू नंतर दिवसभर माझा चेहरा वाचत होतास, तेव्हाच मला कळलं की तुला वाईट उत्तराची भीती वाटतेय. तुला तीन दिवस त्या भीतीत ठेवलं, हे चुकलंच. पण ते मला ओरडून सांगायचं नव्हतं, आणि खुणेने तर नव्हतंच.

त्याआधी गुरुवारी जेवताना तू मला समजावून सांगितलं होतंस की चौथा सगळ्यांत वेगळा. पहिल्या तीन गिअरना इंजिनची ताकद चाकांच्या दातांमधून वळसे घेऊन जाते, म्हणून गुणगुणणं. चौथ्याला पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट सरळ एकमेकांना बांधले जातात, ताकद आरपार निघून जाते, दातांवर काही भार पडत नाही. मी पोळी खात मान डोलावली, कळलं असं दाखवलं. कळलं शुक्रवारी.

वारा होता. इंजिन होतं. टायरखाली रस्ता होता. त्या सगळ्याच्या खाली मी तुझी पेटी शोधत होतो. मान खाली घातली, कान दांडीजवळ नेला, श्वास धरला. ज्यासाठी तू मला हजार मैलांवरून बोलावलंस ते ऐकायचा मी शक्य तेवढा प्रयत्न केला. चाकं सगळी आत फिरत होती, पाचही, तू लिहिलं होतंस तशी, आपापल्या वेगाने, आणि त्यांचा एक शब्द बाहेर येत नव्हता.

तेव्हा हे माझं उत्तर. चौथ्या गिअरला तुझ्या पेटीतून मला काहीही ऐकू आलं नाही, उल्हास. पेटी बरोबर बसली की तिथे ऐकायला काही उरतच नाही. माझे दोन्ही कान शाबूत आहेत, आणि त्या रस्त्यावर तुला जेवढं ऐकू येत होतं, बरोबर तेवढंच मला येत होतं.

तुझा,
अनिल